होळीला दिलेल्या फळ्या

कोंडाजी ठोंबरेचे कान मोठे आहेत आणि त्याला त्यांचा अभिमान आहे. भाताच्या खाचरातलं पाणी आपोआप उतरायला लागलं की बाकीची माणसं बांधावर वाकून वाकून, पाणी जिथनं झिरपतं ते खेकड्याचं बीळ शोधतात. कोंडाजी बांधावर आडवा होतो, ओल्या मातीला कान लावतो, आणि थोड्या वेळानं हात वर करून म्हणतो, "हितं." तिथं फावडं घातलं की बीळ सापडतं. नाहीच सापडलं तर तो म्हणतो, "खेकडा हलला." त्यावर कुणी वाद घालत नाही.

आमचं गाव कुंभिवलीच्या मागं, डोंगराच्या पायाशी आहे. गावाच्या वेशीवर होळीचा माळ, आणि माळाला लागून आमराई. ती कुणा एकाची नाही. कुणी लावली हेही कुणाला सांगता येत नाही. फागुनात तिच्याखालून गेलं की डोक्यावर मोहर गळतो आणि अंगाला दिवसभर वास राहतो. कोंडाजीची दोन खाचरं त्या आमराईच्या खालच्या अंगाला. पावसाळ्यात तो खाचरात असायचा आणि पाऊस सरला की हमरस्त्यावरच्या एका गोदामाच्या फाटकावर.

त्या गोदामात परदेशातून आलेली यंत्रं उतरत. घराएवढ्या लाकडी पेट्या यायच्या, त्या फोडायच्या, यंत्र खोपोलीकडच्या कारखान्यांना जायचं, लाकूड मागच्या अंगणात पडायचं. ढाबेवाले ते चुलीला न्यायचे, कोंबड्यावाले खुराड्यांना.

दोन वर्षांमागच्या फागुनात अशाच पेट्या आल्या. दुपारी कोंडाजी एका पेटीला पाठ टेकून भाकरी खात होता. रस्ता क्षणभर मोकळा झाला, गाड्यांचा आवाज थांबला, आणि त्याला पाठीमागून काहीतरी ऐकू आलं. कुर्र. मग शांतता. पुन्हा कुर्र.

त्यानं घास तसाच ठेवून लाकडाला कान लावला. मग उठून अनुपमकडं गेला. अनुपम म्हणजे गोदामाचा सुपरवायझर, कर्जतच्या जुन्या शिक्षक घराण्यातला पोरगा, रोज मोटारसायकलवरून यायचा.

"साहेब, त्या पेटीत कायतरी जेवतंय."

"उंदीर असेल, काका."

"उंदीर घाई करतो. ह्यो सावकाश खातोय. सासुरवाडीला आलेल्या जावयावानी."

अनुपम हसला, पण उठून आला. पेटीच्या खाली फरशीवर बारीक पिवळा भुसा पडला होता, चाळणीतून गाळल्यासारखा. तो बघून त्याचं हसू गेलं. त्यानं पेटीच्या चारी बाजूंनी फिरून फळी न् फळी पाहिली. बहुतेक फळ्यांवर गव्हाच्या ओंबीचं चित्र असलेला शिक्का होता. लाकडी पेटी दुसऱ्या देशात पाठवायची तर लाकूड आधी भट्टीत तापवून किंवा औषधाची धुरी देऊन आतली कीड मारावी लागते. तसं केल्याची खूण म्हणजे तो शिक्का. पण पेटीच्या एका अंगाला कुणीतरी डागडुजी केली होती, आणि त्या नव्या फळ्यांवर शिक्का नव्हता.

भुसा झाडून गप्प बसला असता तरी अनुपमला कुणी विचारलं नसतं. त्यानं सरकारी कचेरीला फोन लावला. हे त्याच्या पदरात घालायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी नम्रता मॅडम आल्या. बाहेरदेशाहून येणारी झाडं, बियाणं, लाकूड यांतून कीड-रोग आत येऊ नये हे बघणारं सरकारी खातं असतं, त्यातल्या त्या अधिकारी. बारीक अंगाच्या, बोलणं तोडून. बॅगेतून छोटी छिन्नी काढून त्यांनी बिनशिक्क्याची एक फळी फोडली. आत बोटाएवढी पांढरी अळी वळवळत होती, पाय नसलेली. त्यांनी ती बाटलीत घातली आणि बाटलीकडं बराच वेळ बघत राहिल्या.

"यंत्र जाऊ दे. लाकूड इथंच राहील. पेट्या फोडून सगळं एका जागी रचा, प्लॅस्टिकनं झाका, कडेनं वाळू टाका. सोमवारी माणसं घेऊन येते. आधी धुरी देऊ, मग माझ्यासमोर जाळू."

"येका अळीपायी येवढं?" कोंडाजीनं विचारलं.

"ही अळी आपल्याकडची नाही. हिचा पुढं भुंगा होतो. तो उडतो, झाडाच्या सालीत अंडी घालतो. त्याच्या मुलखात त्याला खाणारे पक्षी आहेत, माश्या आहेत. इथं त्याला कोण ओळखतंय? तो कुणाला घाबरणार?"

"आंबा खाईल का त्यो?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "खाईल की नाही हे आपल्याला झाडावरच कळेल. आणि कळेल तेव्हा उशीर झालेला असेल."

कोंडाजीला त्या "माहीत नाही"चा धसका बसला. सरकारी माणसाच्या तोंडून त्यानं ते कधी ऐकलं नव्हतं. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, मी फाटकावर हाय तवर चिपाडसुदीक हलनार नाय."

आता शिमग्याबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं होळीला लाकूड नाकारत नाहीत. पोरं दारी आली की ज्याच्या घरात जे असेल ते द्यायचं: एखादा ओंडका, मोडका दांडा, काहीतरी. न देणाऱ्याच्या नावानं वर्षभर बोंब मारतात. आणि एकदा माळावर पडलेलं लाकूड होळीचं. ते परत घ्यायला देवालाही मुभा नाही. मोठ्या होळीच्या आदल्या सांजेला माळाच्या कडेला चोरहोळी लागते, लहानशी. तिला मात्र चोरून आणलेलंच लाकूड लागतं. मागून आणलेलं चालत नाही.

मॅडम जाऊन दोन रात्री उलटल्या असतील. राजेश टेंपो घेऊन फाटकावर आला. राजेश म्हणजे कोंडाजीचा पुतण्या, लग्नाचा झाला तरी होळीच्या पोरांचा म्होरक्या. मागं टेंपोत पाचसहाजण उभे राहून डबा वाजवत होते.

"नाना, होळीला लाकूड!"

"हितं नाय रं बाबा. घरी जा. काकी दील."

"काकीकडं जातोच हाय. ह्यो तुमचा उंबरा येगळा. पगार हितं घेता, मंग लाकूडबी हितलंच!"

टेंपोतून कुणीतरी ओरडलं, "नाना आता कंपनीचा झाला रं! नानाच्या नावानं..." आणि सगळ्यांनी तोंडावर हात नेले.

कोंडाजीनं मागं पाहिलं. प्लॅस्टिकची एक कड वाऱ्यानं उचलली होती आणि तीन फळ्यांची टोकं बाहेर आली होती. सरळसोट, कोरड्या फळ्या. त्याच्या मनात जे आलं ते त्यानं मला पुढं सांगितलं. मॅडमनी जाळायलाच सांगितलंय. होळी म्हणजे जाळच. गावच्या होळीसारखा जाळ सरकारला तरी करता येतो का? धुरी सोमवारी, होळी रविवारी. उलट एक दिवस आधीच काम होतंय. आणि आयुष्यात कधी त्याच्या नावानं बोंब पडली नव्हती.

त्यानं तीन फळ्या ओढून दिल्या, कड खाली दाबली आणि वर वाळू सारली. अनुपम आत होता. टेंपो डबा वाजवत गेला.

शनिवारी दुपारी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, मॅडमची गाडी आली. मागून धुरीची माणसं, नळकांडी, मोठाले प्लॅस्टिकचे ताव. मॅडम उतरल्या त्या थेट ढिगाकडं गेल्या. प्लॅस्टिकला आतून काहीतरी चिकटलं होतं. त्यांनी हातानं सावली करून पाहिलं आणि सगळ्यांना मागं सरायला सांगितलं.

काळाभोर भुंगा होता. पाठ चकचकीत, अंगापेक्षा लांब मिशा. प्लॅस्टिकवरून चढायचा, घसरायचा, पुन्हा चढायचा.

"उकाड्यानं बाहेर पडायला लागलेत," त्या म्हणाल्या. "सोमवारपर्यंत थांबता येणार नाही. दिवस मावळायच्या आत धुरी सोडायची. एकदा सोडली की उद्यापर्यंत उघडता येणार नाही. सगळं लाकूड इथंच आहे ना?"

"सगळं," अनुपम म्हणाला. "कोंडाजीकाका आहेत ना फाटकावर."

मॅडमनी कोंडाजीकडं पाहिलं.

"हां," कोंडाजी म्हणाला.

एवढाच शब्द. समोर भुंगा प्लॅस्टिकवर चढत होता. माळावरच्या लाकडावर प्लॅस्टिक नव्हतं. माळाला लागून मोहरलेली आमराई होती.

"साहेब, घरी जाऊन येतो जरा," तो म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता निघाला.

माळावर होळी रचून झाली होती. मधोमध सावरीचं उभं झाड, भोवती गवत, पेंढा, लाकडं. कोंडाजीनं भोवतीनं दोन फेऱ्या घातल्या. एक फळी वरच दिसली, दुसरी पेंढ्याखाली. दोन्हींना त्यानं कान लावला. आत जेवण चालू होतं. भोक मात्र कुठं पडलेलं नव्हतं. तिसरी फळी दिसेना. तो पेंढा उपसायला लागला तसा मागून आवाज आला.

"कोंडाजी! हात काड."

नागूबाबा. होळी पेटवण्याचा मान त्याच्या घराण्याकडं. आंब्याखाली बसून तो कोणी होळीला हात लावत नाही ना हे बघत होता.

"बाबा, तीन फळ्या परत न्यायच्या हायत. चुकून आल्या."

"होळीवर चुकून कायबी येत नाय."

"त्यात किडा हाय."

"मंग जळंल की उद्या."

"उद्यापातूर उडंल!"

नागूबाबानं त्याच्याकडं नीट बघितलं. साठीचा माणूस असा काकुळतीला आलेला त्यानं याआधी बघितला नसेल. पण तो जागचा हलला नाही. "माझ्या बापानं होळीतलं काडूक माघारी दिलं नाय. मी देऊ?"

कोंडाजीनं राजेशला फोन लावला. "तीन फळ्या दिल्या व्हत्या. माळावर दोनच हायत. तिसरी कुटं?"

पलीकडं राजेशनं नुसता घसा खाकरला.

"राजेश, कुटं रं?"

"नाना, मी सांगनार नाय. मला शपत हाय." आणि फोन बंद.

कोंडाजी घरी आला. ऊन कलायला लागलं होतं. घरात कुणी नव्हतं; त्याची बायको अंबाबाई विहिरीवर गेली असावी. पाणी प्यायला त्यानं मडक्यावरचं झाकण काढलं आणि तसाच उभा राहिला.

कुर्र.

वाटलं, कानातच बसलाय आवाज. त्यानं श्वास धरला. बाहेर कोंबडी ओरडली, थांबली. पुन्हा, अगदी सावकाश, कुर्र.

आवाज माजघराच्या कोपऱ्यातून येत होता. तिथं बियाण्याची कणगी उभी होती, शेणानं सारवलेली, पुढच्या वर्षाचं भात पोटात घेऊन. कोंडाजी गुडघ्यावर बसला. कणगीखाली नवी फळी होती.

अंबाबाई हंडा घेऊन दारात आली आणि त्याला तसा बसलेला बघून तिनं हंडा हळूच खाली ठेवला.

"ही कुटनं आनलीस?"

"कुटनं म्हंजी? आपलीच हाय."

"अंबे."

"राजेशच्या टेंपोत व्हती," ती म्हणाली. "अशी रंधा मारल्यावानी फळी जाळायची? दर साली बियानं खालनं ओल धरतं, तुमी बगता का? मी म्हटलं, ठेव ती खाली."

"होळीचं लाकूड घेतलंस?"

"होळीचं नाय!" तिचा आवाज चढला. "माळावर पडायच्या आदी घेतलं. वाटंवरचं लाकूड होळीचं नसतं. आनि फुकट नाय घेतलं, आंब्याची वाळकी फांदी दिली बदली. लाकडाला लाकूड. पोराला शपत घातली, कारन गाव काय, कायबी बोलंल."

कोंडाजीला हसूही आलं आणि रडूही. त्यानं आपल्या तोंडानं तिला सगळं सांगितलं: शिक्का, अळी, फाटकावरचा "हां". ती ऐकता ऐकता उंबऱ्यावर बसली.

दोघांनी मिळून कणगी तिरकी केली आणि फळी ओढून काढली. तिच्या भिंतीकडच्या कडेला एक भोक होतं. वाटाण्याएवढं, गोल, सुबक. भोकाच्या तोंडाशी ताजा भुसा. कोंडाजीनं फळीला कान लावला. आतून अजून आवाज येत होता, पण तो दुसऱ्या जागेवरून. या भोकातला निघून गेला होता.

माजघराची खिडकी उघडी होती. खिडकीच्या बाहेर फणस आणि त्याच्यापुढं आमराई.

"नाय सांगितलं तर कुनाला कळंल?" अंबाबाईनं विचारलं. तिला वाईट माणूस म्हणू नका. ज्याची नोकरी जाणार असते त्याच्या बायकोनं हे विचारायचं असतंच.

"कुनालाच नाय," कोंडाजी म्हणाला. "झाडांना कळंल."

त्यानं अनुपमला फोन केला आणि मॅडमना द्यायला सांगितलं. "मॅडम, मी खोटं बोललो. तीन फळ्या मी दिल्या. तुमी गावात या." मग फळी प्लॅस्टिकच्या गोणीत गुंडाळली, तोंड सुतळीनं आवळलं, आणि ती खांद्यावर टाकून भर गावातून माळाकडं चालायला लागला. ओसऱ्यांवरची माणसं बघत होती. होळीचं लाकूड त्याच्या घरातून माघारी चाललंय हे कुणालाही कळण्यासारखं होतं. मागून अंबाबाई निघाली, डोक्यावर पदर ओढून. कोंडाजी म्हणाला, "तू ऱ्हा घरी." ती म्हणाली, "मला काय झालंय?"

माळावर मॅडम पोचल्या तेव्हा अर्धा गाव जमला होता. अनुपम त्यांच्या मागं उभा होता आणि कोंडाजीकडं बघायचं टाळत होता. कोंडाजीनं सगळ्यांदेखत सांगितलं. फळ्या मी दिल्या. एक माझ्या घरात सापडली. तिच्यातला एक भुंगा बाहेर गेलाय.

"नानाच्या नावानं..." कुणीतरी सुरू केलं. राजेशनं वळून त्याची गचांडी धरली, तसं ते तिथंच विझलं.

मॅडम म्हणाल्या, "या दोन आणि ही तिसरी मला आत्ता न्यायच्या आहेत. धुरी थांबवून ठेवलीय."

"होळीतलं लाकूड जानार नाय," नागूबाबा म्हणाला. "सरकार असा न्हायतर कोन बी."

सूर्य डोंगराला टेकत होता. मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "बाबा, तुमची होळी कधी लागते?"

"उद्या. चांद वर आल्यावर."

"उद्यापर्यंत यातले बाहेर पडतील. मग ते या झाडांवर बसतील." त्यांनी आंब्याकडं हात केला.

नागूबाबानं वर बघितलं. मोहर त्याच्या खांद्यावर पडला होता. तो त्यानं बोटांनी उचलला आणि नाकाशी नेला.

"आज चोरहोळी हाय," तो शेवटी म्हणाला, कुणाकडंच न बघता. "तिला लाकूड चोरीचं लागतं. आता माझं वय झालं. माझी पाठ असताना कुनी माझ्या होळीतनंच चोरी केली, तर मला काय दिसनार?"

आणि तो वळला. सगळा माळ त्याच्या पाठीकडं बघत राहिला. मग राजेश पुढं झाला आणि दोन्ही फळ्या एकदम ओढून काढल्या. मॅडमनी त्या स्वतः प्लॅस्टिकमध्ये बांधल्या.

"जाळ माणसाएवढा झाल्याशिवाय टाकायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि राख होईपर्यंत मी इथून हलणार नाही." मग फोन काढून गोदामातल्या माणसांना धुरी सोडायला सांगितली.

त्या सांजेची चोरहोळी आमच्या गावानं कधी पाहिली नव्हती अशी झाली. ज्याला जे चोरता आलं ते त्यानं आणलं. शेजाऱ्याचा खुंटा, मेव्हण्याचं बाकडं. जाळ चढला तशा तीनही फळ्या एकेक करून आत गेल्या. कोंडाजी इतका जवळ उभा होता की भुवया होरपळल्या. लोकांना वाटलं, तो बघतोय. तो ऐकत होता. लाकूड तडतडत होतं आणि त्या तडतडीत त्याला दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं.

राख झाल्यावर मॅडम, राजेश आणि बायाबापड्यांनी कंदील, बॅटऱ्या घेऊन कोंडाजीचं घर पालथं घातलं. कणगी रिकामी केली, कौलं पाहिली, फणसाचं खोड पाहिलं. भुंगा सापडला नाही.

निघताना मॅडम म्हणाल्या, "एकटा भुंगा काही करू शकत नाही. जोडी लागते. एकटाच गेला असेल तर प्रश्न मिटला."

"आनि दोन गेलं असतील तर?"

"भोक एकच होतं ना?"

"मला दिसलं ते येक," कोंडाजी म्हणाला.

फाटकावरची नोकरी गेली. अनुपमला वर कळवणं भाग होतं आणि त्यानं कळवलं. शेवटच्या दिवशी कोंडाजीनं काठी आणि शिट्टी टेबलावर ठेवली, तेव्हा अनुपम म्हणाला, "काका, आवाज पहिल्यांदा तुम्हीच ऐकलात, तेही लिहिलंय मी." कोंडाजी म्हणाला, "दोनी लिवलंत, बरं केलंत."

मॅडमनी सांगितलं होतं की अंडी घातली असली तर वर्ष-दोन वर्षं वरून काही दिसत नाही. बुंध्याशी भुसा पडतो का, सालीतून डिंक येतो का, ते बघत राहा. त्या अधूनमधून येतात, झाडांवर टांगलेले सापळे तपासतात, अंबाबाईच्या हातचा चहा घेतात. कणगी आता विटांवर आहे.

आणि कोंडाजी रोज, उन्हं कलली की, आमराईत जातो. हमरस्त्यावरच्या गाड्या क्षणभर थांबण्याची वाट बघतो. मग एकेका आंब्याच्या खोडाला कान लावून उभा राहतो, डोळे मिटून. बाहेरगावचं कुणी आलं की विचारतं, हा म्हातारा झाडाला मिठी का मारतोय? आम्ही सांगत नाही. पण तो कान लावून असला की वाटेनं जाणारा माणूसही चप्पल न वाजवता जातो.

परवा मी तिथंच होतो. शेवटच्या झाडाशी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. कान काढला, पुन्हा लावला, मग दुसरा कान लावला. बांधावर गवताचा भारा घेऊन अंबाबाई उभी होती. तिनं भारा खाली ठेवला नाही.

"मुंगळं हायत," अखेर तो म्हणाला.

"नक्की?"

"सालीच्या वरनं चालत्यात. आत कायबी नाय."

"आज नाय," अंबाबाई म्हणाली, आणि भारा सावरून घराकडं चालायला लागली. तो खोडावरची माती कानावरून पुसत तिच्या मागं गेला.